बरोबरच्या मुलाचं चरित्र

तरुणांच्या हाती संतचरित्रं देण्याची रीत जुनी, आणि तिचा प्रभावही तितकाच जुना. ३८६ साली मिलानमध्ये वाळवंटातल्या संत अंतोनीची हकिगत ऐकून अगस्तीन मुळापासून हादरला. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडलेला स्पॅनिश सरदार इग्नेशियस लोयोला इथल्या आपल्या घरच्या वाड्यात पडून होता. त्याला वाचायला हव्या होत्या शूर सरदारांच्या कथा. घरात होतं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथांचा ग्रंथ. संत फ्रान्सिसला, संत डॉमिनिकला जे जमलं ते मला का जमू नये, या विचारानं त्याला पछाडलं. पुढे त्याचाच सोबती फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरला.

पण या ग्रंथांतली माणसं वाचणाऱ्यापासून लांबची. आलोयसियस गोन्झागासारखा तरुण संत असला, तरी तोही सरदारघराण्यातला आणि कित्येक पिढ्यांपूर्वीचा. कालपर्यंत आपल्याबरोबर शिकलेल्या, खेळलेल्या मुलाचं चरित्र मुलांना द्यावं, ही कल्पना रुजवली तुरीनचे धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी. माटुंग्याच्या शाळेमुळे हे नाव आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचं. त्यांच्या या लेखनाची मात्र क्वचितच आठवण निघते.

सेमिनरीत वारलेला आपला मित्र लुईजी कोमोल्लो याच्यावर त्यांनी १८४४ मध्येच एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. खरी वाट सापडली ती डॉमिनिक साव्हियोमुळे. हा लोहाराचा मुलगा १८५४ च्या ऑक्टोबरात डॉन बॉस्कोंच्या तुरीनमधल्या वाल्दोक्को वसतिगृहात आला आणि ९ मार्च १८५७ रोजी, पंधरावं वर्ष पुरं होण्याआधीच गेला. डॉन बॉस्कोंनी त्याच्या सोबत्यांकडून, शिक्षकांकडून आठवणी गोळा केल्या. १८५३ पासून ते दरमहा स्वस्त पुस्तिका काढत. त्याच मालेत जानेवारी १८५९ मध्ये हे चरित्र आलं. पहिले वाचक होते वाल्दोक्कोचीच मुलं. एखादा प्रसंग फुगवून लिहिला असता, तर पकडणारे समोरच बसलेले होते. या पुस्तकाचं बळ मला त्यातच दिसतं.

त्यातला एक प्रसंग असा. दोन मुलांचं भांडण इतकं विकोपाला गेलं की गावाबाहेर जाऊन एकमेकांवर दगडफेक करायचं ठरलं. डॉमिनिकने समजावून पाहिलं. ऐकेनात, तेव्हा तो त्यांच्याबरोबर गेला, दोघांच्या मधोमध उभा राहिला, गळ्यातला लहानसा क्रूस वर धरला आणि पहिला दगड मला मारा म्हणाला. दोघांचे हात खाली आले.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. संत व्हायचंच, असं एका प्रवचनानंतर मनात घेऊन हा मुलगा अंथरुणात खडे ठेवू लागला, थंडीत पातळ पांघरूण घेऊन झोपू लागला. जुन्या चरित्रांतून तेच तर शिकायला मिळत होतं! डॉन बॉस्कोंनी ते बंद करायला लावलं. अभ्यास नीट कर, प्रार्थना चुकवू नकोस, सोबत्यांशी खेळ आणि आनंदात राहा, एवढंच सांगितलं. कुठल्याही गरीब घरच्या मुलाला आजपासून पाळता येईल असं हे व्रत होतं. पुढे मिकेले मागोने (१८६१) आणि फ्रान्चेस्को बेसुक्को (१८६४) या मुलांचीही चरित्रं त्यांनी लिहिली. मागोने तर आधी रस्त्यावरच्या टोळक्याचा म्होरक्या होता!

पोप पायस बारावे यांनी १९५४ मध्ये डॉमिनिकला संतपद दिलं. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झालेला, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला, संगणकाची आवड असलेला कार्लो आकुतिस याच परंपरेतला.

असं जवळचं चरित्र सांगायला आपल्याकडे वसईचा संत गोन्सालो गार्सिया आहे. त्याची गोष्ट बहुधा ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर झालेल्या मरणापासून सुरू होते. मुलांना ती आधीपासून सांगायला हवी: वसईत जेझुइट धर्मगुरूंकडे शिकलेला, कोवळ्या वयात जपानला गेलेला, तिथली भाषा अस्खलित बोलू लागलेला, पुढे व्यापारात पडलेला आणि मग मनिलात फ्रान्सिस्कन झालेला हा मुलगा. आणि त्याच्यासह त्या दिवशी क्रुसावर गेलेल्या सव्वीस जणांत अवघ्या बारा वर्षांचा लुडोविको इबाराकी होता, हेही सांगायला हवं.