कोंबडी पुन्हा पुन्हा लंगडतेय? तळपायाच्या गळवावर काय करायचं, काय टाळायचं

पनवेल : जून उलटला की परसातल्या खुराड्यातली एखादी कोंबडी एक पाय पोटाशी धरून उभी राहायला लागते. घरात कुणीतरी हळद लावतं, चार दिवस बरं वाटतं, आणि महिन्याभरात तीच कोंबडी पुन्हा लंगडते. गटारीसाठी राखलेल्या जड कोंबड्याला तर हे दुखणं हमखास होतं. मग तो दाण्याकडे नीट जात नाही, वजन उतरतं आणि ऐन मागणीच्या वेळी भाव पडतो. पशुवैद्यक या दुखण्याला ‘बंबलफूट’ म्हणतात. आपल्या भाषेत तळपायाचं गळू.

पक्षी उलटा धरून तळवा बघा. मधोमध काळी किंवा तपकिरी खपली, भोवती सूज आणि हाताला गरम लागणं ही ओळखीची खूण. सुरुवातीला फक्त लाली आणि टणकपणा असतो. तेव्हाच लक्ष गेलं तर निम्मं काम झालं.

गळू परत का येतं?

तळव्याला बारीक चीर पडते, काटा किंवा तार टोचते आणि तिथून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा ते स्टॅफिलोकोकस जातीचे असतात. हे जंतू कातडीवर आणि खुराड्यातल्या घाणीत एरवीही असतातच. माणसाच्या गळवात पातळ पू होतो, दाबला की बाहेर येतो. कोंबडीचा पू तसा नसतो. तो पनीरासारखा घट्ट होऊन आत गोळा बनतो. म्हणून दाबून काही निघत नाही, उलट जंतू आणखी खोल जातात. गोळ्याच्या आतपर्यंत औषधही नीट पोचत नाही. वरची खपली पडली की बरं झाल्यासारखं दिसतं, पण गाठ आतच राहते. त्यात खुराडं तेच, ओल तीच.

घरी काय करता येईल

सूज लहान असेल, कोंबडी चालत-खात असेल तर घरी उपचार करून बघायला हरकत नाही. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे मीठ टाकून पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. माती आणि विष्ठा निघून खपली मऊ होते. पाय कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन लावा, वर स्वच्छ गॉजची घडी ठेवून पट्टी बांधा. बोटं मोकळी राहिली पाहिजेत. पट्टी फार आवळली तर बोटं सुजतात, थंड पडतात. रोज सोडून बघा. पट्टी ओली झाली तर लगेच बदला, कारण ओली पट्टी नसल्यापेक्षा वाईट. या काळात कोंबडी वेगळ्या, कोरड्या जागी ठेवा, दाणापाणी जवळ द्या, उडून वर बसायची सोय ठेवू नका.

आठवड्यात फरक दिसला नाही, सूज बोटांत किंवा घोट्यापर्यंत चढली, कोंबडीने खाणं सोडलं, तर पुढचं काम डॉक्टरांचं. आतली गाठ भूल देऊन काढावी लागते. घरी ब्लेडने कापायचे व्हिडिओ मोबाईलवर भरपूर फिरतात, पण तळव्यात शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्या अगदी जवळजवळ असतात. एक कापली गेली की बोट कायमचं वाकतं. तापल्या सळईने डाग देणं तर सरळ क्रूरपणा आहे, आणि त्याने नवी जखम होते ती वेगळीच.

घरातल्या उरलेल्या गोळ्या कोंबडीला देऊ नका. कुठलं प्रतिजैविक लागू पडेल, किती दिवस द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. औषध चालू असताना आणि नंतर ते सांगतील तितके दिवस अंडी-मटण खायचं नाही, विकायचंही नाही. गावठी अंडं म्हणून लहान मुलांना देतो, तेव्हा हे जास्तच पाळायला हवं. कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या जनावरांतल्या वापरावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, कारण जंतू त्याला दाद देईनासे झाले तर माणसांवरच्या उपचारातला एक शेवटचा पर्याय जातो. दुखण्यावर डायक्लोफेनॅक देणंही धोक्याचं. त्याने पक्ष्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. गिधाडं मेली ती यामुळेच, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

खरा उपचार खुराड्यात

विचुंबे आणि आसपासच्या गावांत बांधकामं सुरू आहेत. कोंबड्या खडी, फुटक्या फरशा, खिळे आणि बांधायच्या तारेच्या तुकड्यांत चरतात. आठवड्यातून एकदा परसातून हात फिरवून हे गोळा केलं तरी बऱ्याच जखमा टळतात.

दुसरी गोष्ट ओल. खुराड्यातलं भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर तूस ओलं आहे, बदला. आत वाकल्यावर नाकाला झोंबत असेल तर उशीरच झालाय. कोकणातल्या पावसात जमीन कोरडी ठेवणं सोपं नाही, हे खरं. म्हणून जमिनीला थोडा उंचवटा द्या, पागोळ्या दाराशी पडणार नाहीत असं छप्पर पुढे काढा आणि पाण्याचं भांडं विटेवर ठेवा. सांडलेल्या पाण्याचा चिखल हे न दिसणारं कारण असतं. ताजी चुनकळी टाकू नका, पाय भाजतात.

तिसरी, बसायची दांडी. वनराजा, गिरिराजा यांसारख्या वजनदार जाती उंचावरून उडी मारतात तेव्हा सगळा भार तळव्यावर येतो. दांडी दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको. कडा घासून गोल करा, सालपं निघालेली नकोत. लोखंडी पाइप किंवा तारेची जाळी बसायला वाईटच.

नुसत्या कणीवर आणि उरलेल्या भातावर वाढलेल्या कोंबडीची कातडी कमजोर राहते. मेथी, शेवग्याचा पाला द्या, जमेल तितकं तयार खाद्य मिसळा.

जखम हाताळताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. हेच जंतू आपल्या हातावरच्या चिरेतूनही शिरतात.

प्रत्येक लंगडणं गळू नसतं

नळीवरचे खवले उचलून पांढरे, खरखरीत झाले असतील तर ती खवल्यांखालच्या किडीची लागण असते. त्यावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन नियमित चोळतात, खुराडंही साफ करावं लागतं. लहान वयाच्या पक्ष्याचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणला गेला तर मरेक्सची शंका घ्या. त्यावर औषध नाही, लस पिल्लू निघाल्यावर लगेचच टोचावी लागते.

तुरा निळा पडणं, पायावर लाल-जांभळे डाग, एकाच दिवसात दोन-चार पक्षी मरणं ही मात्र वेगळी आणि गंभीर बाब. तेव्हा आजारी पक्षी कापू नका, विकू नका, मेलेले नदी-ओढ्यात टाकू नका. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.