बुडबुड्यांवर चालणारा फिल्टर

घरातला फ्रीजसुद्धा अधूनमधून गप्प बसतो. फिशटँकचा फिल्टर मात्र वर्षाचे ८,७६० तास चालूच. १ वॉटचं काहीही वर्षभर चालू ठेवलं की पावणेनऊ युनिट जातात, म्हणजे २० वॉटचा कॅनिस्टर फिल्टर वर्षाला १७५ युनिट खातो. त्याच टँकला स्पंज फिल्टर आणि ३ वॉटचा एअर पंप लावला तर २६ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला बाराशे रुपये वाचतात. "बाराशे रुपयांत हल्ली दोघांचं जेवण होतं फक्त" असं म्हणाल, तर तेही खरंच. पण मला पैशांपेक्षा वेगळाच प्रश्न छळत होता. बुडबुड्यांना जमत नाही असं ती २० वॉटची मोटर नेमकं काय करते? हे शोधत शोधत मी पोचलो थेट १८४९ च्या लंडनमध्ये.

तिथे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनतज्ज्ञ सोसायटी ऑफ अपॉथेकरीजच्या नोकरीत होता. त्याने काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं रोप ठेवलं (आपल्या दुकानांत मिळते ती लांब पट्टीसारख्या पानांची वनस्पती). पाणी बदलायचं नाही, बघू काय होतं ते! काही दिवसांनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि टाकी सुधारली. १८५० मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा निबंध छापून आला. वनस्पती प्राणवायू देते, मासा कार्बन डायऑक्साइड देतो, गोगलगाय सफाई करते, असा त्याचा हिशेब. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिश हाऊस उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचं पुस्तक आलं आणि ब्रिटनमधल्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्यांची साथच पसरली.

या हिशेबात एक खातं मात्र राहून गेलं होतं. मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो आणि अमोनिया हे विष आहे. ते जातं कुठे?

आता गंमत बघा. १८७७ मध्ये पॅरिसला श्लोसिंग आणि म्युंत्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपवलं. पहिले वीस दिवस काहीच नाही. मग अचानक अमोनियाच्या जागी नायट्रेट येऊ लागलं! नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर ते थांबलं. म्हणजे काम वाळूचं नव्हतं, वाळूवर राहणाऱ्या कुठल्यातरी जिवंत गोष्टीचं होतं. नवीन टँक लावल्यावर दुकानदार "तीन-चार आठवडे थांबा, सायकल होऊ द्या" म्हणतो ना, ते हेच वीस दिवस.

हा धागा इंग्लंडमध्ये रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एकाने उचलला. वर्षानुवर्षं प्रयोग करून त्याने दाखवलं की हे काम दोन पायऱ्यांत होतं: एक जीव अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. या माणसाचं नावही रॉबर्ट वॉरिंग्टन. हो, त्याच वॉरिंग्टनचा मुलगा! वडील गोल्डफिशची टाकी मांडत होते तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता आणि रसायनशास्त्र शिकला तो त्यांच्याच प्रयोगशाळेत. वडिलांच्या टाकीचं उरलेलं उत्तर मुलाने शेतातल्या मातीत शोधलं. मला तर वाचून काटाच आला. हे जीवाणू वेगळे करून वाढवणं मात्र त्याला जमलं नाही, तो मान १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मिळवला.

तर फिल्टर म्हणजे हे जीवाणू. त्यांना बसायला जागा हवी, सावकाश वाहतं पाणी हवं आणि भरपूर प्राणवायू हवा. बस्स.

आता हवेकडे येऊ. उभ्या नळीच्या तळाशी हवा सोडली की नळीतलं बुडबुडेवालं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलकं होतं, आणि बाहेरचं जड पाणी त्याला खालून वर ढकलतं. १७९७ मध्ये जर्मनीत कार्ल लोशर याने ही युक्ती काढली. आपल्याकडे बोअरवेलला कॉम्प्रेसर लावून पाणी काढतात ते तुम्ही पाहिलं असेल, तत्त्व तेच. पाणी उंच चढवायचं असेल तर या पद्धतीत ऊर्जा बरीच वाया जाते. फिशटँकमध्ये मात्र पाणी चढवायचंच नसतं! ते फक्त टँकमधल्या टँकमध्ये फिरवायचं असतं.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. १०० लिटरचा टँक घ्या. त्यातलं पाणी तासाला तीनदा फिरवायचं आणि २ सेंटिमीटर उचलायचं, तर शुद्ध भौतिकशास्त्राप्रमाणे लागतात ०.०१६ वॉट. म्हणजे एका वॉटचा साठावा भाग! ३ वॉटचा एअर पंपसुद्धा या मानाने उधळ्याच आहे, त्याची बहुतेक वीज उष्णतेत आणि थरथरण्यात जाते. पण २० वॉटच्या मोटरला काय म्हणणार?

१९५० च्या दशकात अंडरग्रॅव्हल फिल्टर लोकप्रिय झाला, तो असाच हवेवर चालायचा. वाळूखाली जाळीची प्लेट, कोपऱ्यात हवेची नळी, पाणी वाळूतून खाली झिरपणार आणि नळीतून वर येणार. श्लोसिंग-म्युंत्झची नळी आडवी करून टँकच्या तळाला अंथरली म्हणा ना! १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग याने तर खाऱ्या पाण्याचे टँक फक्त जिवंत प्रवाळी दगड, ऊन आणि हवेच्या बुडबुड्यांवर चालवून दाखवले, आणि त्यावर एका अमेरिकन मासिकात लिहिलं. फिल्टरचा डबाच नाही!

त्याच दशकात जर्मनीच्या एहाइम कंपनीचे मोटरवाले कॅनिस्टर आले आणि हळूहळू हवा मागे पडली. कारणं अगदीच पोकळ नव्हती. एअर पंप घुंईं करत राहतो, बेडरूममध्ये तर नकोच वाटतो. स्पंजचा काळा गोळा टँकमध्ये दिसतो. झाडांना कार्बन डायऑक्साइड देत असाल तर बुडबुडे तो उडवून लावतात. हे मान्य. पण माझ्या मते खरी करामत खोक्यावरच्या "लिटर प्रति तास" या आकड्याची आहे. आकडा मोठा म्हणजे फिल्टर भारी, हे आपण मेगापिक्सेलसारखं पचवून टाकलं. जीवाणूंना त्या आकड्याशी काही देणंघेणं नाही. अर्थात हल्ली ४-५ वॉटचे छोटे मोटर फिल्टरही मिळतात आणि तिथे बचत नगण्य आहे, हेही सांगून टाकतो. हवेचा खरा फायदा अनेक टँक असले की दिसतो. मासे पैदास करणारे एकाच ब्लोअरवर पीव्हीसी पाइप फिरवून रांगच्या रांग चालवतात.

बरं, या जीवाणूंची गोष्ट अजून संपलेली नाही. २००५ मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या वाळूतून अमोनिया खाणारा एक जीव वेगळा केला, तर तो जीवाणूच नव्हता, आर्किया निघाला. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने करणारे जीवाणू सापडले, आणि त्यातले काही मत्स्यशेतीच्या फिल्टरमध्येच होते! वॉरिंग्टनपुत्राच्या दोन पायऱ्यांना सव्वाशे वर्षांनी अपवाद मिळाला.

आणि वीज गेली की काय? बंद कॅनिस्टरमधले जीवाणू आतला प्राणवायू संपवतात आणि काही तासांत मरायला लागतात. स्पंज उघड्या पाण्यात असतो, तो जास्त वेळ तग धरतो. १ वॉटचा यूएसबी एअर पंप १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर साधारण एक दिवस चालतो. २० वॉटच्या मोटरला मात्र इन्व्हर्टरच हवा. फक्त एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं आणि तिथून जमिनीवर. आणि स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही. क्लोरीनने ती वीस दिवसांची मेहनत मरते.