खिशातली टूर्निके

इसवी सन १६७४ म्हटले की मराठी माणसाचे मन आपसूक रायगडाकडे धाव घेते. शाळेत हे साल मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे आणि त्यापुढे राज्याभिषेकावाचून दुसरे काही लिहावे असे मला कधी वाटले नाही. परंतु त्याच साली, राज्याभिषेकाला काही आठवडेच उरले असताना, फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे सैन्य बेझांसों शहराला वेढा घालून बसले होते. तेथे मोरेल नावाच्या शल्यवैद्याने जखमी शिपायाच्या अंगाला बांधलेल्या पट्टीत काठी घातली आणि ती पिळून रक्त थांबवले, असे वैद्यकाचा इतिहास सांगतो.

यात नवल ते काय, असे आपल्याकडचा कोणीही गाडीवान विचारील. कडब्याने भरलेल्या गाडीवरचा दोर नुसता हाताने ओढून पुरेसा आवळत नाही. त्यात दांडके घालून पीळ द्यावा लागतो. मोरेलच्या आधी जर्मन शल्यवैद्य फाब्री यानेही अशी काठी वापरली होती. पण या पिळाचे मर्म बारकाईने पाहण्याजोगे आहे. हातापायांतली मोठी रोहिणी स्नायूंच्या आत खोल असते, तर नीला पुष्कळशा कातडीलगत असतात. हाताने बांधलेली गाठ या वरच्या नीला तेवढ्या बंद करते. मग रक्त आत येत राहते, परतीची वाट मात्र अडते, आणि जखम पूर्वीपेक्षा जोराने वाहू लागते. म्हणजे सैल बांधणे हे कित्येकदा न बांधण्याहून वाईट.

मोरेलने काठी पिळली त्याच वर्षी पॅरिसमध्ये झां लुई पती जन्मला. मोठेपणी तो नामांकित शल्यवैद्य झाला. १७१८ मध्ये त्याने काठीच्या जागी पितळी मळसूत्र बसवले आणि फिरवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून त्या यंत्राला ‘टूर्निके’ हे नाव पडले. काठी धरून बसायला एक मदतनीस लागे. मळसूत्र जेथे थांबवावे तेथे थांबे. पुढे १८७३ मध्ये एस्मार्कने रबराची पट्टी आणली, १९०४ मध्ये कुशिंगने हवेने फुगणारा पट्टा आणला. या दोन्हींनी शस्त्रक्रियेच्या दालनातले काम सोपे केले. तथापि रणांगणावर, रस्त्यावर, शेतात जो माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडतो, त्याच्याजवळ शल्यवैद्य नसतो. त्याच्याजवळ असतो तुमच्याआमच्यासारखा भांबावलेला कोणी तरी.

६ एप्रिल १८६२ रोजी अमेरिकेच्या यादवी युद्धात शायलो येथे दक्षिणेचा सेनापती आल्बर्ट सिडनी जॉन्स्टन याला गुडघ्यामागे गोळी लागली. आपला वैद्य त्याने थोड्या वेळापूर्वीच इतर जखमींकडे पाठवला होता. त्या जखमींत शत्रूपक्षाचे शिपाईही होते. सेनापतीचा बूट रक्ताने भरला. भोवतालच्या मंडळींना जखम कोठे आहे हेच वेळेवर उमगले नाही. तो मेला तेव्हा त्याच्या खिशात टूर्निके होती. साधनाचा शोध लागून शतके लोटली होती, ते साधन खिशातच होते, आणि तरीही ते खिशातून मांडीपर्यंत पोचले नाही. मला इतिहासातल्या पराजयांपैकी हा एक मोठा पराजय वाटतो.

पहिल्या महायुद्धात टूर्निकेची बदनामी झाली. तासन् तास आवळून ठेवल्याने हातपाय कापावे लागले, आणि कित्येक शल्यवैद्य तिच्या नावानेच बोटे मोडू लागले. तिची प्रतिष्ठा परत आली ती थेट या शतकात, इराकच्या युद्धात. २००६ मध्ये बगदादच्या सैनिकी रुग्णालयात केलेल्या पाहणीत असे दिसले की, रक्तस्रावाने माणूस थंडगार पडण्याआधी टूर्निके बांधली तर शंभरात ९० जगतात. पडल्यावर बांधली तर १०.

मग सामान्य माणसाला ती नीट बांधता येते का? २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वैद्यकाशी संबंध नसलेल्या १०२ जणांना आधी शिकवले आणि मग निरनिराळ्या टूर्निके बांधावयास दिल्या. अमेरिकी सैन्यात रूढ असलेली दांडीची पट्टी शेकडा ९२ जणांना साधली. फडके आणि काठी शेकडा ३२ जणांनाच. ताणून गुंडाळायच्या रबरी पट्ट्या त्याहूनही मागे पडल्या.

हा फरक मला पटेना. म्हणून एका रविवारी मी जुन्या धोतराची पट्टी स्वतःच्या पोटरीवर बांधली आणि तीत पेन्सिल घालून पीळ दिला. दुसऱ्याच फेऱ्याला पेन्सिल मोडली. पत्नीने आतून लाटणे आणून दिले. पीळ झकास बसला, पाय कळवळला. पण घाम पुसायला हात काढला मात्र, लाटणे गरकन उलटे फिरले आणि सारा पीळ सुटला.

“अहो, माणूस समोर पडलेला असताना तुम्ही घाम पुसत बसणार का?” ती म्हणाली.

सैन्याच्या पट्टीला दांडी शिवलेलीच असते आणि ती अडकवायला खाचही असते. पतीच्या मळसूत्राने ३०० वर्षांपूर्वी जे साधले, तेच ही खाच साधते: हात मोकळा होतो.

अमेरिकेतल्याच आणखी एका चाचणीत शिकवल्याबरोबर शेकडा ८८ जणांना पट्टी जमली. तीन ते नऊ महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा जेमतेम निम्म्यांना आठवत होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग घेणाऱ्या मास्तराला याचे आश्चर्य वाटणार नाही.

आपल्याकडे आवळून बांधण्याची आठवण आहे ती सर्पदंशाची. सुश्रुताने दंशाच्या चार अंगुळे वर बांधावयास सांगितले आहे. आजचे वैद्यक मात्र सर्पदंशात असे आवळू नका म्हणून बजावते. म्हणजे जेथे बांधू नये तेथे आपण बांधतो, आणि उसाच्या चरकात किंवा कुट्टीच्या यंत्रात हात गेला तर नुसता रुमाल गुंडाळतो. अशा वेळी प्रथम स्वच्छ फडके जखमेवर सारा भार देऊन दाबावे. त्याने रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर, सांधा सोडून, पट्टी बांधावी आणि रक्त थांबेपर्यंत पिळावी. जखमी ओरडला तरी थांबू नये. वेळ लिहून ठेवावी आणि इस्पितळात पोचेपर्यंत पीळ सोडू नये.

यंदा १६७४ हे साल फळ्यावर लिहीन तेव्हा रायगडाच्या खाली बेझांसोंही लिहीन म्हणतो. मग धोतराची पट्टी आणि लाटणे टेबलावर ठेवीन. आणि सहामाहीनंतर तोच तास पुन्हा घेईन, कारण तोवर पोरे विसरलेली असणार.