वेदना आणि संवेदना

‘वेदना’ हा शब्द उच्चारतांच मराठी मनापुढें दुःख उभें राहतें. परंतु या शब्दाचें मूळ दुःखांत नसून ज्ञानांत आहे. ‘विद्’ म्हणजे जाणणें. त्याच धातूपासून वेद, विद्या आणि वेदना हे शब्द झाले. बौद्ध ग्रंथांत वेदना हा पंचस्कंधांपैकीं एक असून ती सुखद, दुःखद आणि या दोहोंपलीकडची अशी त्रिविध सांगितली आहे. मराठींत तिचा अर्थ पीडेपुरता उरला व इंद्रियांच्या जाणिवेसाठीं ‘संवेदना’ हा शब्द रूढ झाला.

अर्थ आकुंचित झाला, तरी वेदनेंतलें ज्ञान लोपलें नाहीं. याची साक्ष वर्धा जिल्ह्याच्या इतिहासांत मिळते. विनोबांच्या प्रेरणेनें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं वर्ध्यानजीक दत्तपूर येथें कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. तेव्हां या रोगास ‘महारोग’ म्हणत, आणि रोगानेंच बोटें झडतात असा सर्वत्र समज होता. वस्तुस्थिति निराळी आहे. नॉर्वेंतील हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं शोधलेला या रोगाचा जंतु मज्जातंतूंना ग्रासतो आणि त्वचा बधिर होते. सुश्रुतसंहितेंतही ‘स्पर्शहानि’ हें कुष्ठाचें लक्षण नोंदलें आहे. मग तापलेल्या भांड्यानें हात पोळतो, पायांत कांटा रुततो, पण रोग्यास तें कळत नाहीं. जखम दुर्लक्षित राहून चिघळते आणि अखेर बोट गमवावें लागतें. वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं १९४६ नंतरच्या आपल्या कार्यांतून हेंच दाखवून दिलें.

१९५१ सालीं गांधीजींच्या स्मरणार्थ वर्ध्यास कुष्ठकार्याची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. घरोघर तपासणी, लोकशिक्षण आणि उपचार ही तिची त्रिसूत्री होती. संशयित चट्ट्याची परीक्षा साधी असते. रोग्यानें डोळे मिटावयाचे, त्वचेस कापसाचें टोंक लावावयाचें, आणि स्पर्श कोठें झाला तें त्यानें बोटानें दाखवावयाचें. १९८२ पासून प्रचारांत आलेल्या बहुविध औषधोपचारानें रोग पूर्ण बरा होतो. परंतु दीर्घकाळ मेलेली संवेदना बहुधा परत येत नाहीं. म्हणून अशा रोग्यास रोज आपले तळहात व तळपाय निरखून पाहण्यास शिकवितात. जें वेदनेनें आपसूक कळावें, तें त्याला डोळ्यांनीं शोधावें लागतें.

वेदनेस आपण शत्रु मानतों. पण ती शरीराची पहारेकरी आहे. तिला हें नांव ज्यांनीं दिलें, त्यांनीं तें जाणण्याच्या धातूवरूनच घडविलें होतें.