अंतर्मुख, भिडस्त की भयग्रस्त?

कमी बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. घुमा, माणूसघाणा, एकलकोंडा, मुखदुर्बळ, बुजरा, शिष्ट. यांतील बहुतेक शब्द दूषणेच आहेत. ‘मितभाषी’ हा काय तो आदराचा शब्द आणि तोही सहसा माणूस मोठ्या पदावर पोहोचल्यानंतरच त्याच्या वाट्याला येतो. वस्तुतः या शब्दांमागे तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. अंतर्मुखता हा स्वभाव आहे, भिडस्तपणा ही संकोची वृत्ती आहे, तर लोकांत वावरण्याची तीव्र भीती हा उपचारांनी आटोक्यात येणारा विकार आहे. या तिन्हींची गल्लत झाली की, निरोगी मुलाची रवानगी व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात होते आणि ज्याला खरोखर मदत हवी आहे त्याच्याबाबत ‘त्याचा स्वभावच तसा’ असे म्हणून घरचे स्वस्थ बसतात.

युंग यांची पुस्ती

अंतर्मुख आणि बहिर्मुख या जोडीला मानसशास्त्रात स्थान मिळवून दिले ते स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी. व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सिग्मंड फ्रॉइड आणि आल्फ्रेड ॲडलर हे दोघे मनाच्या विकारांकडे इतक्या वेगळ्या नजरेने का पाहतात, हा प्रश्न युंग यांना पडला होता. काहींच्या मनाची ओढ बाहेरच्या माणसांकडे व घटनांकडे असते, तर काहींची स्वतःच्या विचारांकडे, असे उत्तर त्यांनी काढले. मात्र कोणीही निव्वळ अंतर्मुख वा निव्वळ बहिर्मुख नसतो, ही पुस्तीही त्यांनी जोडली होती. पुढे लोकप्रिय चाचण्यांच्या गर्दीत ती हरवली. चार अक्षरांत माणसाचा ‘प्रकार’ सांगणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी अनेक कंपन्यांना प्रिय असली, तरी संशोधकांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही. आजचे मानसशास्त्र या स्वभावगुणाकडे उंचीसारख्या मोजपट्टीने पाहते. फार उंच आणि फार बुटके थोडेच, बहुतेक सारे मधले.

मराठीत आणखी एक घोटाळा होतो. ‘वाचकाला अंतर्मुख करणारे पुस्तक’ असे आपण म्हणतो तेव्हा आत्मपरीक्षण अभिप्रेत असते. अंतर्मुख स्वभावाचा माणूस चिंतनशील असेलच असे नाही. तो खोलीत एकटा बसून क्रिकेटची आकडेवारी चाळत असेल, तरीही तो अंतर्मुखच.

लिंबाचे चार थेंब

या स्वभावाला शरीराचा आधार असावा, असा सिद्धांत लंडनमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९६७ मध्ये मांडला. अंतर्मुखांचा मेंदू मुळातच अधिक जागृत असतो, त्यामुळे आवाज, गर्दी, गप्पा यांचा थोडा डोसही त्यांना पुरतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी केलेला प्रयोग घरगुती म्हणावा असा आहे. जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे आणि सुटलेली लाळ मोजायची. अंतर्मुखांना ती अधिक सुटते, असे आढळले. सिद्धांताचा सारा तपशील पुढच्या संशोधनात टिकला नाही. पण उत्तेजनाची मात्रा प्रत्येकाला वेगवेगळी मानवते, ही कल्पना टिकली. रसेल जीन यांच्या १९८४ मधील प्रयोगात अंतर्मुखांनी काम करताना कमी आवाज पसंत केला, बहिर्मुखांनी अधिक. आणि ज्याला जो आवाज मानवला त्यात त्याचे काम चांगले झाले.

भीड आणि भय

भिडस्तपणाचे सर्वांत प्रामाणिक वर्णन महात्मा गांधींच्या आत्मकथेत सापडते. लंडनमधील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर असूनही त्यांना सभेत तोंड उघडता येत नसे. लिहून नेलेले भाषण दुसऱ्याला वाचावे लागे. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, शुल्क परत केले. बोलायची इच्छा होती, सभाधीटपणा नव्हता. ही भीड पुढे कमी झाली. शब्द काटकसरीने वापरण्याची सवय तिनेच लावली, असे त्यांनी नमूद केले आहे.

फरक ओळखण्यासाठी लग्नाचे आमंत्रण पुरेसे आहे. अंतर्मुख माणूस अक्षता टाकून, जेवून लवकर निघतो आणि घरी पुस्तक घेऊन समाधानाने बसतो. भिडस्ताला चार लोकांत मिसळायचे असते, पण पाऊल पुढे पडत नाही. भयग्रस्ताची मात्र आठवडाभर आधीपासून झोप उडते. आपण हास्यास्पद ठरू, सगळे आपल्याकडेच पाहतील, या विचाराने छाती धडधडते, घाम फुटतो आणि शेवटी तो जाणे टाळतो. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९८० मध्ये या त्रासाला स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले. तो बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो, म्हणजे नेमका ज्या वयात ‘वयच तसे आहे’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते त्या वयात.

कचेरीतला आवाज

नोकरीच्या बाजारात अंतर्मुखांची पहिली गाठ गटचर्चेशी पडते. दहा उमेदवार, एक विषय आणि पंधरा मिनिटे. यात विचारापेक्षा आवाजाची परीक्षा अधिक होते. न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही, असे म्हणतात. कचेरीत ते शब्दशः खरे ठरते. बैठकीत गप्प बसणाऱ्याने आदल्या रात्री जागून तयार केलेला अहवाल दुसराच कोणी चढ्या आवाजात मांडतो आणि वार्षिक मूल्यमापनात पहिल्यापुढे ‘पुढाकाराचा अभाव’ असा शेरा पडतो.

विशेष म्हणजे, एकत्र बसून धडाधड कल्पना सुचवण्याची पद्धत वाटते तितकी फलदायी नाही. जाहिरात व्यावसायिक ॲलेक्स ऑसबर्न यांनी ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ लोकप्रिय केल्यानंतर १९५८ मध्ये येल विद्यापीठात तिची तपासणी झाली. एकेकट्याने काम करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या चौघांच्या गटापेक्षा अधिक भरल्या. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि त्यात त्यांच्या कल्पना विरून जातात, हे त्याचे एक प्रमुख कारण १९८७ च्या एका अभ्यासातून पुढे आले. बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवणे आणि सूचना आधी लेखी मागवणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. त्यासाठी सल्लागार नेमण्याची गरज नाही.

विक्रीसाठी बडबड्याच माणूस हवा, हाही समज तपासून पाहण्याजोगा आहे. ॲडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये दूरध्वनीवरून विक्री करणाऱ्या ३४० कर्मचाऱ्यांची पाहणी केली. सर्वाधिक उत्पन्न आणले ते मोजपट्टीच्या मधल्या लोकांनी.

मग अंतर्मुखांनी प्रयत्नपूर्वक बोलके व्हावे काय? ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहभागींना आठवडाभर बहिर्मुखासारखे वागायला सांगण्यात आले. एकंदरीत त्यांना बरे वाटले. परंतु जे मुळात अधिक अंतर्मुख होते त्यांचा लाभ कमी भरला आणि थकवा वाढला. सादरीकरणापुरते बोलणे सर्वांनाच शिकता येते. त्यानंतरच्या तासाभराच्या एकांताला आळस समजू नये, इतकेच.

घर आणि मूल

घरात हा एकांत मिळवणे कचेरीपेक्षाही कठीण. दोन खोल्यांच्या जागेत दार लावून बसणे म्हणजे रुसणे, असा आपल्याकडे सरळ अर्थ लावला जातो. याचा सर्वाधिक ताप नव्या सुनेला होतो. पाहुण्यांचा चहा झाल्यावर ती आत गेली तर शिष्ट, बाहेर बसून बोलली नाही तर घुमी. मुलगा असाच वागला तर ‘दमला असेल’ म्हणून सोडून दिले जाते.

मुलांच्या बाबतीत हार्वर्डचे जेरोम केगन यांचे संशोधन उपयोगी आहे. त्यांनी चार महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज, वास आणि हलती खेळणी यांचा अनुभव दिला. सुमारे एकपंचमांश बाळे हातपाय झाडून रडली. यांतील अनेक मुले पुढे शांत आणि जपून वागणारी निघाली. मात्र सगळी नव्हेत. केगन सावधपणा मोजत होते, अंतर्मुखता नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवे.

प्रगतिपुस्तकात ‘वर्गात बोलत नाही’ असा शेरा आला, तर पालकांनी आधी काही साध्या गोष्टी पाहाव्यात. मुलाला एखाद-दुसरा जिवलग मित्र आहे काय? घरी ते मोकळेपणाने बोलते काय? एकटे असताना ते रमते काय? उत्तरे होकारार्थी असतील, तर शिबिराचे पैसे वाचवावेत. परंतु शाळेच्या दिवशी पोट दुखणे, डबा एकट्याने लपून खाणे, तोंडी परीक्षेला दांडी मारणे असे महिनोन्‌महिने चालले असेल, तर मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. विचार आणि वर्तन बदलणारी उपचारपद्धती या भीतीवर गुणकारी ठरते. गरजेनुसार औषधेही दिली जातात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आणि तो मराठीतही मिळतो.