सीमेवरच्या गावातला मुष्टियोद्धा

8 जून 1985 च्या रात्री लंडनमधील लॉफ्टस रोड या फुटबॉलच्या मैदानावर सुमारे 26 हजार माणसे एका मुष्टियुद्धासाठी जमली होती. जागतिक विजेतेपदाच्या लढतीपूर्वी दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या देशांची राष्ट्रगीते वाजवण्याचा प्रघात आहे. पनामाचा विजेता युसेबिओ पेड्रोझा याच्या बाबतीत प्रश्नच नव्हता. आव्हान देणाऱ्या बॅरी मॅकगिगनसाठी मात्र कोणते गीत वाजवायचे? जन्माने तो आयर्लंडच्या प्रजासत्ताकातला, नागरिकत्वाने ब्रिटिश, आणि त्याला डोक्यावर घेणारा प्रेक्षकवर्ग बेलफास्टचा, म्हणजे निम्मा कॅथलिक आणि निम्मा प्रॉटेस्टंट. ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजले असते तर एक बाजू दुखावली असती, आयर्लंडचे वाजले असते तर दुसरी. अखेर एक गायक रिंगणात चढला आणि त्याने ‘डॅनी बॉय’ हे गीत म्हटले. सारे मैदान त्याच्याबरोबर गाऊ लागले. तो गायक म्हणजे मॅकगिगनचे वडील पॅट. 1968 च्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत त्यांनी आयर्लंडचे प्रतिनिधित्व करून चौथा क्रमांक मिळवला होता.

या गीताची कुंडलीही पाहण्यासारखी आहे. त्याची चाल उत्तर आयर्लंडमधल्या लिमाव्हॅडी गावच्या जेन रॉस या बाईंनी टिपून घेतली आणि 1855 साली ती छापून आली. शब्द मात्र फ्रेडरिक वेदरली या इंग्रज वकिलाचे, 1913 चे. ज्या परगण्यावरून त्या चालीला नाव मिळाले त्याला ‘डेरी’ म्हणावे की ‘लंडनडेरी’ यावर तिथल्या दोन समाजांचे आजही एकमत नाही. गीत मात्र दोघेही आपले मानतात. मॅकगिगनच्या साऱ्या कारकिर्दीचे तसेच झाले, आणि त्याची किंमत त्याला चुकवावी लागली.

मॅकगिगनचा जन्म 28 फेब्रुवारी 1961 चा, मॉनहन परगण्यातल्या क्लोनेस या बाजारगावचा. बाहेरच्या जगाला हे गाव ठाऊक होते ते लेसच्या विणकामामुळे. 1840 च्या दशकातल्या भीषण दुष्काळात तिथल्या प्रॉटेस्टंट धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी उपासमारीने गांजलेल्या बायकांना हे काम शिकवले. पुढे रेल्वे आली आणि क्लोनेस हे जंक्शन झाले. मग फाळणी झाली. नवी सरहद्द गावाच्या इतकी जवळून गेली की बाजाराला येणारी अनेक खेडी एका रेघेने परदेशात गेली. फेब्रुवारी 1922 मध्ये क्लोनेसच्याच स्टेशनवर उत्तरेकडील विशेष पोलीस आणि आयरिश रिपब्लिकन आर्मी यांच्यात गोळीबार होऊन चार पोलीस आणि एक आयरिश कमांडंट ठार झाले. 1957 साली प्रवासी गाड्या बंद पडल्या. पुढे 1970 च्या दशकात ब्रिटिश सैन्याने सरहद्दीवरचे कित्येक लहान रस्ते सुरुंग लावून किंवा काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले. नकाशावरची एक रेघ रोजच्या बाजारहाटात आणि सोयरिकीत कशी आडवी येते, हे सीमेवर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

मॅकगिगनची आई गावात किराणा दुकान चालवी. पोरगा मुष्टियुद्ध शिकायला प्रथम गेला तो सरहद्दीपलीकडच्या, फर्मॅना परगण्यातल्या वॉटलब्रिजच्या क्लबात. नंतर अलीकडच्या स्मिथबरोच्या. आयर्लंडमध्ये हौशी मुष्टियुद्धाची संघटना फाळणीनंतरही अखंड राहिली, ही त्या बेटाच्या इतिहासातली एक दुर्मीळ गोष्ट. त्यामुळे 1978 मध्ये कॅनडातील एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो उत्तर आयर्लंडकडून खेळून बँटमवेट गटाचे सुवर्णपदक जिंकू शकला, आणि दोनच वर्षांनी मॉस्को ऑलिंपिकमध्ये आयर्लंडकडून उतरला. सतराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी हे करताना त्याला त्यात काही विशेष वाटले असेल असे दिसत नाही.

विशेष वाटू लागले ते 1981 मध्ये. त्या वर्षीच्या 5 मे रोजी तुरुंगात उपोषण करणारा बॉबी सँड्स मरण पावला, बेलफास्ट पेटले, आणि ऑगस्टपर्यंत आणखी नऊ कैदी उपोषणात मेले. सँड्सच्या मृत्यूनंतर पाचव्या दिवशी, 10 मे रोजी, डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कवर मॅकगिगनने आपली पहिली व्यावसायिक लढत जिंकली. त्याचा व्यवस्थापक बार्नी ईस्टवुड हा बेलफास्टमध्ये शर्यतींवरच्या पैजा घेणारा धनिक व्यापारी होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मॅकगिगनने क्लोनेसमधल्याच सँड्रा या प्रॉटेस्टंट मुलीशी लग्न केले. तो स्वतः कॅथलिक. धर्म विचारून माणसे मारली जात होती अशा काळातले हे लग्न आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्याच्या आयुष्यातली सर्वांत जड रात्र मात्र धर्माशी किंवा सरहद्दीशी संबंधित नव्हती. 14 जून 1982 रोजी लंडनच्या ग्रोव्हनर हाउस हॉटेलात, जेवणानंतर मुष्टियुद्ध पाहणाऱ्या श्रीमंत सभासदांच्या एका क्लबात, त्याची गाठ यंग अली या नायजेरियन खेळाडूशी पडली. सहाव्या फेरीत अली कोसळला. तो शुद्धीवर आलाच नाही; त्याला मायदेशी नेण्यात आले आणि डिसेंबरात त्याचा मृत्यू झाला. मॅकगिगनने खेळ सोडण्याचा विचार केला. ऑक्टोबरात तो पुन्हा रिंगणात उतरला तेव्हा अली अजून बेशुद्धच होता. या निर्णयाबद्दल त्याला दोष द्यावा की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. ज्याला दुसरा धंदा येत नाही त्याने काय करावे, हा एक प्रश्न. दुसऱ्या माणसाचा मेंदू हलवणे हेच ज्या खेळात कौशल्य मानले जाते त्यात अपघात कशाला म्हणावे, हा दुसरा. मॅकगिगनला स्वतःला ही गोष्ट विसरता आली नाही. जगज्जेता झाल्यावर त्याने ते विजेतेपद अलीच्या स्मृतीला वाहिले. आपल्याशी लढताना गेलेला तरुण कोणा सामान्य खेळाडूकडून नव्हे, तर जगज्जेत्याकडून हरला एवढे तरी म्हटले जावे, असे त्याला वाटत होते.

ब्रिटिश विजेतेपदासाठी लढायचे तर ब्रिटिश नागरिकत्व लागे. त्याने ते घेतले. प्रजासत्ताकवाद्यांपैकी कडव्या मंडळींनी त्याला फितूर ठरवले. एप्रिल 1983 मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये व्हर्नन पेनप्रेसला दुसऱ्याच फेरीत हरवून त्याने फेदरवेट गटाचे, म्हणजे सुमारे 57 किलो वजनाच्या खेळाडूंचे, ब्रिटिश विजेतेपद मिळवले. नोव्हेंबरात इटलीच्या व्हॅलेरिओ नातीला हरवून युरोपचे. पायघोळ झगा असो की आखूड चड्डी, त्यावर ना आयरिश तिरंगा होता ना युनियन जॅक. शांततेचे पांढरे कबुतर हे त्याचे चिन्ह. ‘मारामारीचे काम मॅकगिगनवर सोपवा’ अशा अर्थाचे वाक्य त्या दिवसांत लोकांच्या तोंडी झाले.

या लढती होत त्या किंग्ज हॉलमध्ये. शेतकी प्रदर्शनांसाठी बांधलेल्या या वास्तूत मुष्टियुद्धाची परंपरा जुनीच. 1948 मध्ये बेलफास्टचा रिंटी मॉनहन इथेच जगज्जेता झाला होता, आणि विजयानंतर रिंगणातच गाणे म्हणायची त्याची पद्धत होती. मॅकगिगनच्या लढतींना फॉल्स रोडचे कॅथलिक आणि शँकिल रोडचे प्रॉटेस्टंट शेजारी-शेजारी बसत. ज्यांच्या वस्त्यांमध्ये उंच भिंती उभ्या होत्या ती माणसे एकाच नावाचा घोष करीत. या दृश्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि थोडे भाबडेपणाने लिहिले गेले आहे. 23 फेब्रुवारी 1985 रोजी किंग्ज हॉलमध्ये मॅकगिगनने माजी जगज्जेता ह्वान लापोर्त याला गुणांवर हरवले. पाचच दिवसांनी न्यूरी गावच्या पोलीस ठाण्यावर उखळी तोफांचा मारा होऊन नऊ पोलीस ठार झाले. मॅकगिगनचा तो चोविसावा वाढदिवस होता. माणसे हॉलमधून बाहेर पडली की आपापल्या वस्तीत जात आणि सारे पूर्ववत चालू राही. तरीही त्या रात्री खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. जिथे एकत्र बसायला दुसरी जागाच उरली नव्हती, तिथे तीन तासांची जागासुद्धा काही थोडी नव्हे.

पेड्रोझा 1978 पासून जगज्जेता होता आणि त्याने आपले पद 19 वेळा राखले होते. उंच, लांब हातांचा, रिंगणातल्या साऱ्या युक्त्या आणि कुयुक्त्या जाणणारा. अशा खेळाडूशी दुरून खेळणे म्हणजे हार पत्करणेच. मॅकगिगनने पहिल्यापासून अंगाला अंग भिडवून, मान खाली घालून, बरगड्यांवर डाव्या हाताचे ठोसे मारण्याचा सपाटा लावला. या ठोशांनी माणूस लगेच पडत नाही, पण त्याचे पाय जड होतात. सातव्या फेरीत उजव्या हाताच्या ठोशाने पेड्रोझा खाली गेला. तो उठला आणि पंधराव्या फेरीपर्यंत मोठ्या हिमतीने उभा राहिला. निकाल तिन्ही परीक्षकांनी मॅकगिगनच्या बाजूने दिला. बेलफास्टमध्ये आणि डब्लिनमध्ये, दोन्हीकडे, त्याच्या स्वागताला रस्ते भरून गेले. नोव्हेंबरात लंडन आणि डब्लिनच्या सरकारांनी अँग्लो-आयरिश करार केला, तेव्हा त्याच बेलफास्टचे रस्ते प्रॉटेस्टंटांच्या निषेधसभांनी भरले.

पद टिकले वर्षभर. दोनदा राखल्यानंतर 23 जून 1986 रोजी अमेरिकेत लास व्हेगास येथे, वाळवंटातल्या उन्हाळ्यात, उघड्यावर लढत ठेवली गेली. ठरलेला प्रतिस्पर्धी दुखापतीमुळे बाद झाला आणि टेक्सासचा स्टीव्ह क्रूझ हा नळकाम करणाऱ्याचा मदतनीस आयत्या वेळी उभा राहिला. पारा शंभर फॅरनहाइटच्या पुढे होता. मॅकगिगन दहाव्या फेरीत एकदा आणि शेवटच्या, पंधराव्या फेरीत दोनदा खाली गेला. त्या शेवटच्या फेरीत तो पायांवर उभा राहिला असता तर पद वाचले असते, इतके गुण जवळजवळचे होते. शरीरातले पाणी आटल्याने त्याला थेट रुग्णालयात न्यावे लागले. जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने पंधराच्या बारा फेऱ्या आधीच केल्या होत्या. मॅकगिगन ज्या संघटनेचा विजेता होता तिने त्या 1987 मध्ये केल्या.

त्यानंतरचे थोडक्यात सांगता येते. ईस्टवुडशी त्याचे बिनसले. पुढे 1992 मध्ये अब्रुनुकसानीच्या खटल्यात बेलफास्टच्या जूरीने ईस्टवुडला साडेचार लाख पौंडांची भरपाई मंजूर केली. 1987 मध्ये वडील वारले. 1988 मध्ये तो परतला, तीन लढती जिंकला, आणि मे 1989 मध्ये जिम मॅक्डॉनेलकडून हरल्यावर थांबला. 35 लढतींत 32 विजय.

मॅकगिगनने नंतर कार्ल फ्रॅम्प्टन याला हाताशी धरले. हा बेलफास्टच्या टायगर्स बे या कट्टर प्रॉटेस्टंट वस्तीतला मुलगा, आणि त्याची बायको कॅथलिक. फ्रॅम्प्टननेही कोणताच झेंडा खांद्यावर घेतला नाही, आणि त्याच्यामागेही दोन्ही समाज उभे राहिले. सप्टेंबर 2014 मध्ये, ज्या गोदीत टायटॅनिक बांधले गेले त्या जागी उभारलेल्या तात्पुरत्या प्रेक्षागारात तो जगज्जेता झाला. तीन वर्षांनी दोघे वेगळे झाले. पैशांच्या हिशोबावरून एकमेकांवर दावे दाखल झाले, बेलफास्टच्या न्यायालयात सुनावणी सुरू झाली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये, निकालापूर्वीच, आपसांत तडजोड होऊन ते प्रकरण मिटले.