मूर्तिजापूरचा फलाट आणि दोन लॅन कार्डं

आमच्या यवतमाळकडे हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. "नेट गेलं जी!" बँकेत, सेतू केंद्रात, शाळेच्या कार्यालयात, कुठेही. ते ऐकलं की समोरचा माणूस मुकाट्याने घरी परततो. त्याची दिवसाची मजुरी बुडालेली असते, पण पाऊस आला न आला तर भांडायचं कोणाशी, तसंच त्याला याही बाबतीत वाटतं.

माझं म्हणणं असं की, पुष्कळदा नेट गेलेलं नसतंच. संगणक चुकीच्या दाराकडे तोंड करून बसलेला असतो. ज्या संगणकात दोन लॅन कार्डं असतात तिथे तर हे हमखास होतं. का होतं, हे समजून घ्यायला थोडं इतिहासात जावं लागेल. जन्मभर इतिहास शिकवला, आता ही खोड काही सुटायची नाही!

सुरुवात आपल्या शकुंतलेपासूनच करू. ब्रिटिश काळात यवतमाळ-मूर्तिजापूर हा रेल्वेमार्ग सुरू झाला. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने तो बांधला, वऱ्हाडातला कापूस बाहेर काढण्यासाठी. रूळ अरुंद, दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूरला मात्र मुंबईहून नागपूरकडे जाणारा मोठा मार्ग, तिथलं अंतर १६७६ मिलिमीटर. म्हणजे शकुंतलेचा डबा मोठ्या रुळावर चढणं शक्यच नव्हतं. रुईच्या गाठी इकडच्या डब्यातून उतरवायच्या आणि तिकडच्या डब्यात भरायच्या, तेव्हा कुठे त्या मुंबईच्या बंदराकडे निघायच्या. मूर्तिजापूरची खरी करामत ती हीच. दोन वेगळ्या जाळ्यांत एकेक पाय ठेवून उभं असलेलं ते स्टेशन. गाठ कुठे जायची आहे हे पाहून तिला योग्य फलाटावर नेणारं कोणी नसतं, तर कापूस तिथेच पडून राहिला असता. ती गाडी आज धावत नाही, पण हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

इंटरनेटची जन्मकथा हुबेहूब अशीच आहे. अमेरिकेत १९६९ साली 'अर्पानेट' हे टेलिफोनच्या तारांवरचं संगणकांचं जाळं सुरू झालं. पुढे रेडिओवर चालणारं एक जाळं झालं आणि उपग्रहावरून अटलांटिक ओलांडणारं आणखी एक. प्रत्येकाची रीत निराळी, जणू प्रत्येकाचा रूळ निराळा. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी एक निबंध लिहून तोड सुचवली. सगळी जाळी मोडून एकच करू नका, जिथे दोन जाळी भेटतात तिथे दोन्हींत पाय असलेला एक संगणक बसवा, असं त्यांनी मांडलं. त्याला त्यांनी नाव दिलं 'गेटवे'. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियात धावत्या गाडीतून निघालेला संदेश या तिन्ही जाळ्यांतून, अटलांटिकपलीकडे जाऊन, पुन्हा कॅलिफोर्नियात पोचला. तो पोचवला मधल्या दोन दारांच्या यंत्रांनी. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटवर हीच टीसीपी/आयपी पद्धत सक्तीची झाली.

आपल्याकडेही एक मूर्तिजापूर होतं, आणि तेही महाराष्ट्रातच. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'अर्नेट' हा प्रकल्प हाती घेतला. आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था अशा मोजक्या संस्था त्यात होत्या. मुंबईत जुहूला एनसीएसटी ही संस्था होती, डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक. देशातल्या या संस्थांची ई-मेल परदेशी जायची ती जुहूच्या या दारातून. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, तेही आधी महानगरांत.

म्हणजे बघा, इंटरनेट हे एक जाळं नव्हेच. ती हजारो स्वतंत्र जाळी, आणि त्यांच्या सांध्यावर उभे असलेले दोन-दोन दारांचे संगणक. आपण साध्या संगणकात दुसरं कार्ड बसवतो तेव्हा नकळत त्यालाही असंच एक छोटं मूर्तिजापूर करून टाकतो.

मग अडतं कुठे? संगणकाचा नियम अगदी सरळ आहे. पत्ता शेजारचा असेल तर थेट नेऊन द्यायचं. एखाद्या ठरावीक गावाची वाट लिहून ठेवलेली असेल तर त्या वाटेने पाठवायचं. यातलं काहीच नसेल तर नेहमीच्या दाराने बाहेर सोडायचं. हे नेहमीचं दार म्हणजे 'डिफॉल्ट गेटवे'. एक कार्ड असतं तोवर प्रश्नच नाही. दोन कार्डं आली आणि दोघांनीही "मीच नेहमीचं दार" असं सांगितलं, की संगणक दोन्ही दारांच्या 'मेट्रिक' नावाच्या आकड्याकडे पाहतो. ज्याचा आकडा लहान ते दार खरं. विंडोज हा आकडा स्वतः ठरवते तेव्हा ज्या कार्डाचा वेग जास्त त्याला लहान आकडा देते. त्या दारापलीकडे रस्ता आहे की विहीर, याचा तिथे विचार नसतो!

हा गुंता जाणकारांनाही नवा नाही. ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांच्या संपादनाखाली इंटरनेटवरील संगणकांसाठी नियमपत्र निघालं, क्रमांक ११२२. त्यात अनेक दारांच्या संगणकावर स्वतंत्र प्रकरणच आहे. एका दाराच्या नावाचं पत्र दुसऱ्या दारातून आलं तर घ्यावं की परत लावावं, यावर त्यात दोन मतं नोंदवली आणि निकाल कोणाच्याच बाजूने दिला नाही. विंडोज एक्सपीपर्यंत घेण्याची रीत होती, २००७ च्या व्हिस्टापासून न घेण्याची आली. जुन्या यंत्रावर सुरळीत चाललेली मांडणी नव्यावर अडते, त्याचं हेही एक कारण असू शकतं.

आता प्रत्यक्षातली गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरणं चालू होतं. मुदत दोन दिवसांवर. एका मुलीची आई निंदणाची मजुरी सोडून सकाळपासून कागद घेऊन बसलेली. कार्यालयातल्या संगणकात दोन कार्डं होती. मूळचं कार्ड फायबरच्या मोडेमला जोडलेलं, नंतर बसवलेलं वेगवान कार्ड मुलांच्या संगणक-खोलीला आणि प्रिंटरला. त्या खोलीत एक जुना राउटर होता. त्याची बाहेरची लाईन कधीच बंद झालेली, पण तो इमानेइतबारे पत्ते वाटायचा आणि "मी दार आहे" म्हणून सांगायचा. प्रिंटरची वायर लावली की नेट जाई, नेट हवं तर वायर काढा. तिथला तरुण शिक्षक, माझाच विद्यार्थी, मला म्हणाला, "सर, लाईनच खराब हाय जी."

लाईन ठणठणीत होती. आम्ही क्रमाने पाहिलं. आधी दोन्ही कार्डांना पत्ता मिळाला आहे का. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजावं की पत्ता देणारं कोणी भेटलंच नाही, संगणकाने स्वतःच काहीतरी धरलं आहे. इथे दोन्ही पत्ते नीट होते आणि वेगवेगळ्या वस्तीतले होते. दोन्ही एकाच वस्तीतले असते तर आधी एक बदलावा लागला असता. मग 'पिंग' करून मोडेम जवळून उत्तर देतो का ते पाहिलं. देत होता. मग 'रूट प्रिंट' लिहून वाटांची यादी काढली. तिच्यात ०.०.०.० ने सुरू होणाऱ्या ओळी दोन निघाल्या. चोर सापडला! नेहमीची दारं दोन, आणि लहान आकडा बंद दाराचा.

उपाय पाच मिनिटांचा. आतल्या कार्डाला पत्ता हाताने लिहून दिला, राउटर वाटत नाही असा, आणि गेटवेची जागा कोरी ठेवली. प्रिंटर शेजारचाच, त्याला गेटवे लागत नाही. आतल्या बाजूला आणखी दूरची जाळी असती तर तेवढी वाट यादीत कायमची लिहून ठेवता आली असती. नेहमीचं दार मात्र एकच ठेवायचं. दुपारी अर्ज भरला गेला, प्रिंटही त्याच संगणकावरून निघाली, आणि ती माउली पावती पदराला बांधून गेली.

मला यात खटकतं ते एवढंच. यंत्राने चुकीचं दार धरलं होतं आणि किंमत मोजत होती मजुरी सोडून आलेली बाई. "नेट गेलं" म्हटलं की चौकशी तिथेच संपते. त्याऐवजी "कोणत्या दाराने चाललंय?" एवढं विचारायची सवय आपल्या शाळा-कार्यालयांतल्या पोरांना लागली, तर तालुक्याला आलेल्या माणसाची परतीची एक खेप तरी वाचेल.